पाव इंचाची गोळी

टेबलावर बुडावर उभे केले तर हे काडतूस जेमतेम सात सेंटिमीटर भरते. बुडाशी बारा मिलिमीटर रुंद पितळी पुंगळी, वर निमुळता खांदा, खांद्यावर अरुंद गळा आणि गळ्यात घट्ट बसलेली तांब्याच्या रंगाची लांबट गोळी. टोकाशी मात्र तांबे नाही. तिथे करडे, मऊ शिसे उघडे आहे. नखानेही त्यावर ओरखडा उठतो. बुडाच्या मधोमध छोटी गोल टोपी आणि तिच्याभोवती ठोकलेली अक्षरे : .२५७ रॉबर्ट्स. पाव इंची घराण्यातले हे मधले भावंड. या घराण्यात याच्याहून थोरही आहेत, वेगवानही आहेत, पण स्वभावाने सगळ्यांत समंजस हेच, असे माझे मत आहे.

नाव पाव इंचाचे असले तरी गोळीचा व्यास ०.२५७ इंच, म्हणजे ६.५३ मिलिमीटर असतो. नळीला आधी पाव इंचाचे भोक पाडतात, मग आतून मळसूत्री आटे कोरतात. आट्यांच्या खोलीसकट जे माप येते ते ०.२५७. गोळी त्या मापाची असल्यामुळेच ती आट्यांत रुतते, गिरकी घेते आणि सरळ जाते. हा तपशील रुक्ष वाटेल, पण बंदुकांच्या जगात नावावर विश्वास ठेवून माप धरणाऱ्याची फसगत ठरलेली. आपल्याकडच्या जुन्या शिकारवर्णनांत काळविटासाठी .२५६ मॅनलिकर रायफलीचे नाव येते. नाव ऐकून ती याच घराण्यातली वाटते. प्रत्यक्षात ती साडेसहा मिलिमीटरवाली. तिची गोळी ०.२६४ इंचांची आणि तिच्या नेहमीच्या काडतुसात १६० ग्रेनची, लांब, बोथट नाकाची. नावात एक हजारांश इंचाचा फरक आणि गोळीत सात हजारांशांचा. एकीचे काडतूस दुसरीत चालत नाही.

ग्रेन हे वजनाचे माप मराठी घराला परके वाटायला नको. १८३३ साली कंपनी सरकारने तोळा १८० ग्रेनचा ठरवला. बारा माशांचा तोळा, म्हणून मासा १५ ग्रेनचा. या हिशेबाने १२० ग्रेनची गोळी बरोबर आठ मासे, ७५ ग्रेनची पाच मासे, आणि ८७ ग्रेनची अर्ध्या तोळ्याला किंचित कमी. आमच्या उज्जैनच्या सराफ्यात ज्या तराजूवर अंगठ्या तोलतात त्याच तराजूवर हे सारे घराणे तोलता येईल. एवढ्याशा वजनाने एखादे जनावर जागच्या जागी पडते, ते वेगामुळे, आणि वेगापेक्षाही जास्त ती गोळी आत शिरल्यावर कशी वागते त्यामुळे.

घराण्याची कुळकथा १८९५ च्या सुमारास अमेरिकेत सुरू होते. .२५-२० विंचेस्टर हे त्यातले लहानखुरे, सशा-कोल्ह्यांपुरते. .२५-३५ विंचेस्टर त्याहून दमदार, ११७ ग्रेनची गोळी सेकंदाला सव्वाबावीसशे फुटांच्या आसपास फेकणारे. दोघेही शांत, कामसू आणि आता जवळजवळ विस्मृतीत गेलेले.

खरी कीर्ती आणली ती १९१५ साली आलेल्या .२५०-३००० सॅव्हेजने. हे चार्ल्स न्यूटनचे अपत्य. न्यूटनचा कल १०० ग्रेनच्या गोळीकडे होता. तिला सेकंदाला २८०० फुटांचा वेग मिळत होता. पण सॅव्हेज कंपनीला जाहिरातीसाठी तीन हजारांचा आकडा हवा होता. म्हणून गोळी हलकी केली, ८७ ग्रेनवर आणली, आणि काडतुसाच्या नावातच ३००० घातले. सेकंदाला ३००० फूट म्हणजे ९१४ मीटर. त्या काळात दुकानातून विकत मिळणाऱ्या शिकारी काडतुसाला हा वेग नवलाचा होता. आकडा खरा होता. मात्र जनावराच्या दृष्टीने न्यूटनचा हिशेब अधिक शहाणपणाचा होता. वजन कमी करून वेग वाढवला की कागदावर शोभा येते आणि मांसात खोली कमी होते. गोळी निवडणारा आजही पहिल्यांदा घसरतो तो याच जागी, शंभर वर्षांनंतरही.

नेड रॉबर्ट्स हा बंदुकांवर लिहिणारा, हाताने काडतुसे भरून तासन् तास कागदी निशाणांवर ती पारखणारा माणूस. त्याने जर्मन माउझरची सात मिलिमीटरची पुंगळी घेतली आणि तिचा गळा पाव इंचाच्या मापाला आवळला. १९३४ साली रेमिंग्टनने ते काडतूस थोडे बदलून बाजारात आणले आणि त्याला रॉबर्ट्सचे नाव दिले. ही सात मिलिमीटरची पुंगळी आपल्याला ओळखीची आहे. इंग्रजांनी तिला .२७५ रिग्बी म्हटले, आणि चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली जिम कॉर्बेटला बक्षीस मिळालेली रायफल याच काडतुसाची होती. कुमाऊँच्या डोंगरात कॉर्बेटच्या खांद्यावर जे काडतूस फिरले, त्याचेच सडसडीत रूप म्हणजे हे रॉबर्ट्स.

त्याच्या नशिबी मात्र अन्याय आला. जुन्या, कमजोर माउझर रायफलींत कोणी ते घालील या धास्तीने कारखान्याने दारू बेताची भरली. गोळी बोथट नाकाची दिली आणि पुंगळीत खोलवर बसवली. आतल्या ताकदीचा मोठा भाग असा दाबून ठेवला गेला. ज्यांनी घरी नीट भरले, त्यांना त्याचे खरे गुण कळले. बाकीच्यांनी १९५५ साली आलेल्या .२४३ विंचेस्टरकडे मोर्चा वळवला.

.२५-०६ हे थोरले. १९०६ सालच्या अमेरिकी लष्करी .३०-०६ च्या पुंगळीचा गळा आवळून नीडनर नावाच्या कारागिराने १९२० च्या सुमारास ते घडवले. पुढे जवळजवळ पन्नास वर्षे ते कारागिरांच्या कार्यशाळांतच वाढले. रेमिंग्टनने १९६९ साली त्याला कारखान्याचा दर्जा दिला. १०० ग्रेनची गोळी सव्वातीन हजार फुटांच्या घरात आणि १२० ग्रेनची तीन हजारांच्या जवळ, इतकी त्याची धाव. रॉय वेदरबीचे .२५७ मॅग्नम १९४० च्या दशकातले. १०० ग्रेनची गोळी साडेतीन हजार फुटांच्या पुढे. नळी लवकर झिजवते, आवाज मोठा करते आणि दूरच्या रिकाम्या माळासाठीच शोभते. त्याच्याविषयी एवढे पुरे.

आता स्वभावाकडे वळू.

हे घराणे खांद्याला छळत नाही. त्याच वजनाच्या रायफलीतून .३०-०६ जेवढा धक्का देते, त्याच्या निम्म्याच्या आसपास धक्का रॉबर्ट्सचा असतो. म्हणून चाप ओढताना डोळे मिटत नाहीत, मान आखडत नाही, आणि नेम धरलेला हात तसाच स्थिर राहतो. जखमी होऊन पळालेल्या जनावरांच्या कथांत बहुतेकदा दोष गोळीच्या लहानपणाचा नसतो, धक्क्याला भ्यालेल्या माणसाचा असतो. नेमबाजी क्लबच्या मैदानावर मी हे पुन्हा पुन्हा पाहिले आहे. मोठ्या बोअरच्या, म्हणजे रुंद नळीच्या, रायफलीमागे उभा राहिलेला धिप्पाड माणूस आवाजाआधीच दचकतो आणि गोळी निशाणाखालच्या मातीत जाते. हलके काडतूस त्याच माणसाला पुन्हा नेमबाज करते.

दोनशे यार्डांवर नेम जुळवलेली .२५-०६ तीनशे यार्डांवर वीतभराहून थोडी कमीच खाली येते. तिथपर्यंत अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी ती सांभाळून घेते. वाऱ्याला मात्र ती हळवी आहे. माळव्याच्या मोकळ्या रानात फेब्रुवारी-मार्चमध्ये जो वारा सुटतो, तो ८७ ग्रेनच्या गोळीला सहज बाजूला सारतो. ११५-१२० ग्रेनची टोकदार गोळी तेवढी हलत नाही.

या घराण्याच्या नळीत आटे साधारणपणे दहा इंचांत एक वळसा घेतात. गोळी तीन हजार फुटांच्या वेगाने सुटली की सेकंदाला ३६०० गिरक्या घेते. भोवऱ्यासारखी ती गिरकीवरच ताठ उभी असते. गोळी जितकी लांब, तितकी तिला गिरकी जास्त लागते. दहा इंची वळशाला साधारण १२० ग्रेनपर्यंतची गोळी पेलते; त्याहून लांब गोळी घातली तर ती डगमगते. म्हणूनच हे घराणे कित्येक वर्षे १२० ग्रेनच्या उंबऱ्यात अडकून राहिले आणि साडेसहा मिलिमीटरवाले पुढे गेले. २००७ साली आलेल्या ६.५ क्रीडमूरने तर उरलेसुरले गिऱ्हाईकही ओढले. अलीकडे साडेसात इंच वळशाच्या नळ्या आणि १३० ग्रेनच्या वरच्या लांब गोळ्या निघाल्या आहेत, तेव्हा घराण्याला पुन्हा चांगले दिवस दिसू लागले आहेत.

पण माणसे काडतुसावर वाद घालतात आणि गोळी दुकानदार देईल ती घेतात. खरे म्हणजे जनावराला काडतूस लागतच नाही. पुंगळी रायफलीतच राहते, दारू जळून जाते. जनावरापर्यंत पोहोचते ती फक्त गोळी. निवड तिचीच करायची असते.

साधी शिकारी गोळी म्हणजे शिशाचा गाभा आणि वर तांबे-जस्ताचे पातळ वेष्टण. टोकाचे शिसे उघडे ठेवतात, म्हणजे शरीरात शिरताच ते मागे दुमडते आणि गोळी फुलते. व्यास जवळजवळ दुप्पट होतो आणि तिची ताकद पलीकडच्या मातीत वाया न जाता काळीज-फुप्फुसांत उतरते. या फुलण्याचा इतिहास आपल्या देशाशी बांधलेला आहे. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात कॅप्टन बर्टी-क्ले याच्या देखरेखीखाली लष्करी .३०३ साठी उघड्या नाकाच्या गोळ्या तयार झाल्या आणि जगभर अशा गोळ्यांना ‘दमदम’ नाव पडले. १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात त्यांवर बंदी घातली. शिकारीत मात्र नियम बरोबर उलटा आहे. इंग्लंडचा १९९१ चा हरणांविषयीचा कायदा रायफल ०.२४० इंचांहून लहान नसावी असे म्हणतो, आणि गोळी फुलणारी असावी असेही म्हणतो. शिकारीत न फुलणारी गोळी म्हणजे क्रौर्य. ती आरपार सुईएवढे भोक पाडते आणि जनावर मैलभर चालून, झुडपात पडून, तासन् तास मरत राहते.

फुलण्यालाही मर्यादा हवी. पाव इंची गोळी हलकी आणि वेगवान, म्हणून तिच्यात हा धोका अधिक. पातळ वेष्टणाची ७५ किंवा ८७ ग्रेनची गोळी कोल्ह्यासाठी बनवलेली असते. ती जवळच्या अंतरावर हरणाच्या खांद्याच्या हाडावर आदळली तर वरच्यावर फुटते. कातडीवर मोठी, भयानक दिसणारी जखम होते आणि आतले काळीज शाबूत राहते. जनावर पळते. या एका चुकीने पाव इंचाला जितके बदनाम केले तितके दुसऱ्या कशाने नाही, आणि त्यात काडतुसाचा दोष नव्हता.

उपाय जॉन नोस्लरने शोधला. १९४६ साली त्याच्या गोळ्या एका मोठ्या मूस हरणाच्या अंगावर वरच्यावर फुटल्या. त्याने विचार करून गोळीच्या मधोमध तांब्याचा आडवा पडदा घातला. पुढच्या कप्प्यातले शिसे फुलते, मागच्या कप्प्यातले पडद्याआड घट्ट राहते आणि गोळीला खोल रेटते. १९४८ पासून ती पार्टिशन नावाने विकली जाते. उभी कापलेली पार्टिशन हातात धरली की तो पडदा स्पष्ट दिसतो : वर शिशाचे भांडे, खाली शिशाचे भांडे, मध्ये तांब्याची भिंत, सगळे मिळून बोटाच्या एका पेराएवढे. पाव इंचात ती १००, ११५ आणि १२० ग्रेनची मिळत आली आहे. माझ्या लेखी या घराण्याचे सगळ्यांत मोठे भाग्य म्हणजे ही गोळी. पुढे बार्न्सने १९८० च्या दशकाअखेरीस सबंध तांब्याची गोळी आणली. तिच्यात शिसेच नाही, वेष्टण सुटण्याचा प्रश्न नाही. टोकाशी पाकळ्या उलगडतात आणि वजन जवळजवळ सगळे टिकते. तांबे शिशाहून हलके, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. ती निवडताना एक पायरी खाली उतरून १०० ग्रेन घेतलेली बरी. शिशाचे कण मांसात आणि उकिरड्यावर टाकलेल्या आतड्यांत राहतात, ते गिधाडांच्या पोटात जातात. कॅलिफोर्नियाने तिथल्या काँडर गिधाडांसाठी २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण मनाई केली, ती उगाच नाही.

आमच्या उज्जैनात हे घराणे कधी रुजले नाही. राणोजी शिंद्यांनी उज्जैनला ठाणे केले, महादजींच्या काळात ते भरभराटले, पुढे दौलतरावांनी लष्कर नावाचे ठाणे वसवले आणि राजधानी ग्वाल्हेरला गेली. शिंदे सरकारची पुढची शिकार शिवपुरीच्या जंगलात, वाघाची आणि मोठ्या बोअरची. सामान्य परवानाधारकाच्या हाती आली ती .३१५. कारण सरळ होते. लष्करात चालणारी काडतुसे नागरिकांच्या हाती द्यायची नाहीत हे इंग्रजांचे धोरण. १९०७ साली तर त्यांनी हिंदुस्थानात .४५० बोअरवरही बंदी घातली. .३०३ निषिद्ध बोअर झाले, आणि ऑस्ट्रियाच्या जुन्या आठ मिलिमीटर मॅनलिकरचे काडतूस .३१५ नावाने इथले झाले. इच्छापूरची रायफल आणि १८६९ पासून चालू असलेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे काडतूस, अशी ही जोडी माळव्यातल्या कित्येक पाटलांच्या वाड्यांत भिंतीवर टांगलेली दिसे. भारदस्त, संथ, पाव इंचीच्या जवळजवळ दुप्पट वजनाची गोळी. शेताच्या राखणीला तिने पिढ्यान् पिढ्या धाक दिला. पण दोनशे यार्डांवरच्या काळविटासाठी ती कधीच नव्हती.

आणि काळवीट तर इथले. उज्जैनहून तराना, मक्सी, शाजापूरकडे निघाले की काळ्या मातीच्या सपाट रानात त्यांचे कळप दिसतात. माद्या आणि पाडसे फिकट तपकिरी, आणि मध्ये एखादा पूर्ण वाढलेला नर, पाठीवर काळा, पोटाखाली पांढराशुभ्र, पिळाची शिंगे मागे टाकून उभा. वजन साधारण ३५ ते ४० किलो. खांद्यामागची काळीज-फुप्फुसाची जागा लहानशी. धाव ताशी ८० किलोमीटरपर्यंत. दोनशे यार्ड जायला वेगवान पाव इंची गोळीला पाव सेकंदाहून कमी वेळ लागतो. तेवढ्यात धावता काळवीट पंधरा फूट पुढे गेलेला असतो. धावत्या काळविटावर गोळी झाडणारा शिकारी नव्हे, हे या एका हिशेबात आले.

कालिदासाला हा वेग ठाऊक होता. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंताचा रथ ज्या मृगामागे सुटतो तो कृष्णसार, म्हणजे काळवीटच. राजाचा बाण प्रत्यंचेवर चढलेला असताना आश्रमातला तपस्वी आडवा येतो आणि राजा बाण उतरवतो. उज्जैनच्या माणसाला हा प्रसंग पाठ असतो. मला त्यातले महत्त्वाचे हे वाटते की राजाचा नेम चुकला नव्हता आणि साधनही कमी पडले नव्हते. सगळे जुळलेले असताना तो थांबला.

कोल्हापूरच्या छत्रपतींच्या पदरी काळविटांवर सोडायला पाळीव चित्ते होते. वेगाशी वेगाने झुंज देण्याची ती जुनी रीत. देशातले चित्ते संपले तेव्हा ती रीतही संपली. काळवीटही मग जीपच्या उजेडात, रायफलींनी, रात्री-बेरात्री मारले जाऊ लागले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत गेला. आज त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या रेहेकुरीला १९८० साली त्याच्यासाठी अभयारण्य करावे लागले, यावरून तो किती विरळा झाला होता ते समजावे.

पाव इंचाची गोळी आणि माळव्याचा काळवीट यांची कायदेशीर गाठ पडते ती सात समुद्रांपलीकडे. टेक्ससच्या एडवर्ड्स पठारावर १९३२ साली काळवीट नेऊन सोडले. चुनखडीची टेकाडे, ओकची झाडी, कोरडी हवा. ते तिथे फोफावले. परदेशी जनावर म्हणून तिथे त्याला शिकारीचा ठरावीक हंगामही नाही. माझा भाचा सॅन अँटोनिओत राहतो. त्याच्याकडे गेलो असता त्याच्या शेजाऱ्याने टेबलावर तीन काडतुसे उभी केली : .२५०, रॉबर्ट्स आणि .२५-०६. गृहस्थ सत्तरीचे, आयुष्यभर याच घराण्याचे. त्यांचा प्रश्न होता, तुमच्याकडे काळविटाला कोणती गोळी वापरतात? आमच्याकडे त्याला मारत नाहीत, असे मी सांगितले. त्यांनी थोडा विचार करून मान हलवली आणि म्हणाले, “मग तुम्ही ते जनावर आमच्याहून जास्त वेळ पाहिले असणार.” पुढचा तासभर आम्ही गोळ्यांवरच बोललो, आणि त्यांची मते ऐकून माझी पक्की झाली.

ती मते अशी. काळविटाच्या, चितळाच्या वजनाच्या जनावराला रॉबर्ट्स आणि १०० ते ११७ ग्रेनची गोळी. साधी शिशाच्या गाभ्याची असली तरी चालेल, पण हरणासाठी बनवलेली हवी, कोल्ह्यासाठी बनवलेली नको. अंतर दोनशे यार्डांच्या पुढे जात असेल आणि रान उघडे असेल तर .२५-०६, ११५ ते १२० ग्रेन, टोकदार. .२५० सॅव्हेज नव्या नेमबाजाच्या हाती द्यावे, १०० ग्रेन घालून, न्यूटनचाच हिशेब. जनावर आडवे उभे असताना, खांद्याच्या लगेच मागे, आणि नेम बसला नाही तर चापावरचे बोट काढून घ्यायचे.

आणि नीलगायीला हे घराणे नाही. मोठा नर दोनशे किलोंच्या पुढे जातो, कातडे जाड, खांद्याची हाडे भक्कम. टेक्ससच्या दक्षिणेत नीलगायीही आहेत, आणि तिथले जाणते शिकारी तिच्यासाठी .३०० च्या घरातली जड काडतुसे घेतात. उत्तम गोळी आणि उत्तम नेम असला तर पाव इंचानेही ती पडते, असे सांगणारे भेटतील. ज्या दिवशी नेम उत्तम नसेल त्या दिवसाचा विचार करून काडतूस निवडायचे असते. आपली मर्यादा ओळखून असणे हा या काडतुसाचा गुण आहे. ती त्याला ओलांडायला लावणे हा माणसाचा दोष.

माळव्यातला प्रश्न मात्र वेगळा आहे आणि तो कोणत्याही गोळीने सुटणारा नाही. काळवीट वाढले आहेत, सोयाबीन आणि हरभऱ्याची उभी पिके तुडवली जातात, शेतकरी थंडीत रात्र रात्र बांधावर जागतो. त्याचा राग खोटा नाही. त्या रागाने कोणी परवान्याची .३१५ भिंतीवरून उतरवतो, कोणी तारेत वीज सोडतो, आणि दोन्हींत जनावर कुजत मरते व माणूस तुरुंगात जातो. पीक गेले तर पंचनामा करून घ्या, भरपाईचा अर्ज द्या, वनखात्याला कळवा, आणि कळवत राहा. कळवल्यामुळेच पुढची गोष्ट घडली.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शाजापूर जिल्ह्यात वनखात्याने दक्षिण आफ्रिकेतल्या जाणकारांना बोलावून बोमा बांधले. बोमा म्हणजे नरसाळ्याच्या आकाराचे, जाळी-कापडाच्या भिंतींचे मोठे कुंपण. हेलिकॉप्टर कमी उंचीवरून उडवत कळप हळूहळू त्यात वळवले आणि तिथून गाड्यांत चढवून गांधीसागर, कुनो अशा संरक्षित जंगलांत सोडले. गांधीसागर आमच्याच उज्जैन विभागातले, आणि तिथे त्याच वर्षी एप्रिलमध्ये दोन चित्ते सोडलेले आहेत. शाजापुरातून ८४६ काळवीट आणि ६७ नीलगायी हलवल्या गेल्या. त्या सगळ्या मोहिमेत एकही गोळी झाडली नाही, गुंगीच्या औषधाचीसुद्धा नाही.